तोंड कुणी उघडलं?

मंगळवार, ९ सप्टेंबर

छोटू,

रविवार, ७ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. या वेळेला तू खाडीचं तोंड उघडलंस. वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद तिन्ही जागच्या जागी आहेत, तपासून घे. पुढे लागतील.

पत्राच्या डोक्यावर 'चि.' नाही आणि 'अनेक आशीर्वाद'ही नाहीत. घालायला विसरले नाही. सध्या माझ्यापाशी ठेवून घेतले आहेत.

मी गच्चीवर होते. वरच्या रस्त्यावर घर असल्याचा हा एक तोटा, सगळं दिसतं. वाळूच्या दांड्यावर मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर पांढरे कपडे, आणि बाजूला पिवळं खोदणारं यंत्र, त्याच्या सोंडेला फुलांची माळ. दांड्याच्या अलीकडे आपली खाडी, तीन ओढ्यांचं पाणी पोटात घेऊन तुंबलेली. पलीकडे समुद्र, उधाणाचा, चढता. तुझ्या खात्याच्या कागदांत तिला खारकच्छ म्हणतात. काय म्हणायचं ते म्हणा, पण तिच्यात एकच दार आहे आणि ते दार कुठल्या बाजूचं पाणी उंच आहे हे बघून उघडायचं असतं, हे खालच्या गल्लीतल्या शेळीलाही कळतं.

तोंड उघडायला कुणाचा विरोध नव्हता. चार दिवस गल्लीत उंबऱ्याला पाणी लागलेलं होतं. लोक तुझीच वाट बघत होते. आत्या तर शेजारणींना सांगत होती, "आता आमचा छोटू येतोय, तो बघेल." तू चोपन्न वर्षांचा आहेस, तरी खालच्या गल्लीत तू अजून 'आमचा छोटू' आहेस. होतास.

पाहुण्यांनी फीत कापली. यंत्राने शेवटचा घास उचलला. आणि मग थोडा वेळ काहीच झालं नाही. आत-बाहेर पाणी सारखंच होतं, ते चरात नुसतं डुलत राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गच्चीवरून तुला फोन लावत होते आणि तुझा फोन बंद होता. मी तीस वर्षं बंदरावर भरती-ओहोटी मोजली आहे, छोटू. उधाणाला पुढचे दोन तास काय होणार हे मला टाळ्या संपायच्या आत दिसत होतं, आणि मी गच्चीवर वेड्या बाईसारखी हात हलवत होते. मांडवातल्या एका बाईने मला उलट हात केला. ओळखीचं कुणीतरी वाटलं असेल तिला.

मग समुद्र आत आला. घाईने आला असंही नाही, स्वतःच्या घरात शिरावं तसा आला. चर होता तीन हात रुंद, बघता बघता त्यात मांडव मावला असता. तुमच्या खुर्च्या आधी गेल्या. पाहुणे गाडीत बसताना मी पाहिले. तूही बसलास.

आत्याला शिंपीणबाईंनी आणि दूधवाल्याने खुर्चीसकट उचलून आणलं. कमरेएवढ्या पाण्यातून. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती पहिल्यांदा पालखीत बसली असं ती स्वतःच म्हणाली, तेव्हा सगळे हसले. तिचे कपडे, गाद्या, तुझ्या-माझ्या लहानपणीचं लाकडी कपाट, सगळं खाली राहिलं. मांडीवर फक्त एक वस्तू घट्ट धरून होती. कुठली ते मग सांगेन.

ती आता माझ्या पुढच्या खोलीत आहे. ठीक आहे. घरी कधी जायचं विचारते. दांडा फाटलाय, प्रत्येक भरतीला पाणी गल्लीत येतं आणि जातं, आणि विहीर खारट झाली आहे. मी तिला सांगितलं, वाळू बसली की जाऊ.

कधी बसेल हे मला ठाऊक आहे आणि तुलाही. तिला नाही.

ये. खालच्या गल्लीत उभा राहा आणि चूक झाली म्हण. एवढंच मागते.

ताई

—

शुक्रवार, १२ सप्टेंबर

छोटू,

पेपर मिळाला. म्हणजे मी घेतला नाही, औषधवाल्याने गोळ्यांबरोबर फुकट दिला, बातमी वर येईल अशी घडी घालून. माणूस विचारी आहे.

तुझ्या खात्याचं निवेदन मी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे ते तुला माझ्या अक्षरात वाचावं लागेल: 'निवृत्त भरती-निरीक्षक यांच्याशी विचारविनिमय करून खाडीचे तोंड उघडण्यात आले.'

या भागात निवृत्त भरती-निरीक्षक किती आहेत, छोटू? मी मोजले. एक आले.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये व्याकरणाला एक सिस्टर होत्या. हातात पट्टी, पायात मोठे काळे बूट. त्या म्हणायच्या, "ज्या वाक्यात माणूस दिसत नाही, त्या वाक्यात माणूस लपलेला असतो. कानाला धरून बाहेर काढा." 'उघडण्यात आले.' कुणाकडून आले? आकाशातून आले? या वाक्यात सगळी मिळून दोनच माणसं आहेत: एक जी लपली आहे, आणि एक जिचं तिथे काही काम नव्हतं पण तिला पुढे ढकललं आहे. पहिला तू, दुसरी मी.

विचारविनिमय झाला हे खरं आहे. शनिवारी संध्याकाळी तू फोन केलास. तुला आठवत नसेल तर आठवण देते.

तू म्हणालास, "ताई, उद्या किती वाजता उघडू?"

मी म्हणाले, "एक वाजून दहाला पाणी फिरतंय. भरती सरू दे. दोनच्या आत तिथे खोरंसुद्धा लावू नकोस."

"पाहुण्यांना एकला निघायचंय गं."

"मग पाहुण्यांना सांग, चंद्राशी बोलून घ्या. तारीख त्याने दिली आहे, मी नाही."

तू हसलास. म्हणालास, "तुझं आपलं काहीतरीच. बघतो."

हा विचारविनिमय. मी 'नको' म्हणाले आणि तू 'बघतो' म्हणालास. आता त्यातला माझा 'नको' गळला आणि नुसता विनिमय राहिला. असं कर, उद्या कुणाचं घर जाळायचं झालं तर आधी बंबवाल्यांना फोन करून विचार. तेही 'विचारविनिमय करून' होईल.

काल गल्लीत गेले होते. पाण्याच्या टँकरपाशी बायका उभ्या होत्या. मला बघून रांगेने पाठ फिरवली असं म्हणणार नाही. रांगेला पाठ असतेच. पण शिंपीणबाई, ज्यांनी आत्याला खांद्यावर आणलं, ज्यांची दोन्ही मशिनं खाऱ्या पाण्यात बुडाली, त्या वळल्या. म्हणाल्या, "बाई, तुमच्या घड्याळात तेव्हा किती वाजले होते?"

मी म्हटलं, "अकरा वीस."

"मग बरोबर आहे की घड्याळ. आम्हाला वाटलं, बंद पडलंय."

दुसरी कुणीतरी मागून म्हणाली, "साहेबाची बहीण आहे. वेळ साहेबाचीच असणार." आणि तिसरी म्हणाली, "साहेबाने तर पेपरात सांगितलं, वेळ बहिणीची होती." मग त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, दमलेली माणसं हसतात तसं. मी हंडा न भरता परत आले. माझ्याकडे नळ आहे, मी टँकरवर कशाला गेले होते हा प्रश्न तू विचारणार नाहीस, कारण तुला इकडचं काही विचारायचंच नाही. मी आत्यासाठी चार गोष्टी विचारायला गेले होते. चार गोष्टी मिळाल्या.

तुझा मोबाइलवरचा निरोपही मिळाला. 'ताई प्लीज, समजून घे. भेटलो की बोलू.' आणि पुढे जोडलेले दोन हात. हे हात कुणाचे? तुझे असतील तर ते घेऊन ये.

आत्या हल्ली जरा कमी बोलते. वय आहे.

सोमवारी २२ तारखेला चौकशी समितीपुढे सुनावणी आहे, असं त्याच पेपरात खाली बारीक अक्षरांत आहे. हे निवेदन तसंच तिथे गेलं, तर ते सरकारी सत्य होईल. मी सरकारी नोकरी केली आहे. सरकारी सत्य भिंतीवरच्या चुन्यासारखं असतं, थरावर थर चढत जातात, खरवडायला माणूस मिळत नाही.

दुरुस्त कर.

ताई

—

मंगळवार, १६ सप्टेंबर

कार्यकारी अभियंता साहेब,

आपल्या कार्यालयाचं उत्तर मिळालं. 'आपले पत्र प्राप्त झाले. आपल्या मुद्द्यांची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.' खाली तुझ्या वतीने कुणाचीतरी सही. बहिणीच्या पत्राला उत्तर द्यायला तू कारकून नेमलास. बरं केलंस, निदान त्याचं शुद्धलेखन चांगलं आहे.

तेच पत्र लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवत आहे. 'प्राप्त झाले' याच्या जागी 'मला मिळाले', 'घेण्यात आली' याच्या जागी 'मी घेतली', 'करण्यात येत आहे' याच्या जागी काही लिहिलं नाही. तिथे तू काही करतच नाहीस, मग काय लिहू?

तू पहिल्यापासून असाच. मधाची बरणी आठवते? तू सहा-सात वर्षांचा असशील. फरशीवर मध, मधात काचा, काचांच्या मधोमध तू. मी विचारलं, "काय झालं?" तू म्हणालास, "बरणी फुटली." मी म्हटलं, "फुटली नाही, फोडलीस. म्हण, मी फोडली." तू ओठ आवळून उभा राहिलास. तेवढ्यात आत्या आली आणि म्हणाली, "फुटली तर फुटली, पोराच्या पायाला काच लागेल, सर तू." सरले मी बाजूला. तेव्हापासून तुझ्या हातून काही फुटलं की झाडू माझ्या हातात येतो.

आपली भाषा या बाबतीत फार चोख आहे, हे तुला कुणी शिकवलं नाही का? बरणी फुटते, पण माणूस ती फोडतो. दोरी तुटते, माणूस तोडतो. गाय सुटते, सोडतो. भिंत पडते, पाडतो. आपोआप झालं की एक शब्द, कुणी केलं की दुसरा. चोराला लपायला जागाच ठेवली नाही आपल्या पूर्वजांनी. पण एका शब्दाला त्यांनी जोडी दिली नाही, आणि नेमका तोच तुझ्या नशिबी आला. तोंड उघडलं. वाऱ्याने उघडलं तरी उघडलं, तू उघडलंस तरी उघडलं. अरे, एवढं मोठं भगदाड भाषेत होतं, तरी तुला ते पुरलं नाही. तू त्यातही 'उघडण्यात आले' घातलंस.

आता आत्याचं सांगते. मागच्या पत्रात सांगायचं टाळलं होतं. 'वय आहे' असं लिहिलं. वय नाही.

गेल्या बुधवारी शिंपीणबाई तिला बघायला आल्या होत्या. येताना पेपर घेऊन आल्या. त्यांनी सगळं वाचून दाखवलं, निवेदनासकट. मी स्वयंपाकघरात होते. त्या गेल्यावर आत्याने मला हाक मारली. पलंगावर बसली होती, पाठीला दोन उशा. म्हणाली, "इकडे ये. समोर बस. खरं सांग, त्याला त्या वेळेला उघड म्हणून तू सांगितलंस?"

तिच्या उशाशी ती वस्तू होती. कमरेएवढ्या पाण्यातून तिने मांडीवर धरून आणलेली. तुझा पदवीचा फोटो, काळा झगा, डोक्याला न बसणारी टोपी. घरातलं सगळं बुडत होतं, तिचे कानातले दागिने कपाटात होते, औषधं होती, आणि तिने तो उचलला. काचेच्या आत थोडं पाणी शिरलंय. तुझ्या हनुवटीपर्यंत.

माझ्याजवळ दोन उत्तरं होती. 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग छोटू खोटं बोलतो? त्या प्रश्नाचं उत्तर मला तिला द्यायचं नव्हतं. तिचं घर गेलं होतं. एका आठवड्यात किती गोष्टी घालवायच्या म्हाताऱ्या माणसाने?

मी म्हटलं, "हो."

तिने फोटो उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "पोराचं नाव खराब केलंस."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातचं जेवत नाही. शिंपीणबाई, ज्यांच्या स्वतःच्या घरात चूल पेटत नाही, त्या दोन वेळा वर येऊन तिला माझ्याच स्वयंपाकघरातलं, मीच रांधलेलं ताट भरवतात. आम्ही दोघींनी तेवढं ठरवलंय, डोळ्यांनीच. काल आत्या घास खाता खाता त्यांना म्हणाली, "तुमच्या हाताला चव आहे हो, बाई. आमच्या हिच्यात ती कधी नव्हती." शिंपीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसू होतं की काय होतं, कळलं नाही.

मला त्यांनी जाताना दारात विचारलं, "बाई, खरंच तुम्ही सांगितलं होतं का त्याला?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"वाटत होतं. आता नाही वाटत." आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "पण मग तुम्ही गप्प का?"

छोटू, मी आयुष्यात गप्प बसल्याबद्दल बोलणी खाल्लेली ही पहिलीच वेळ. त्याचंही श्रेय तुझं.

ताई

—

गुरुवार, १८ सप्टेंबर

छोटू,

काल संध्याकाळी तू फोन केलास. अखेर. लाल शाई लागली वाटतं.

तू जे बोललास ते मी कागदावर उतरवते, कारण तुझ्या तोंडचं वाक्य उद्या कुणाच्या वतीने कोण बोललं असेल याचा भरवसा राहिलेला नाही. तू म्हणालास, नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. पाहुण्यांचं नाव घेता येणार नाही. वरून दबाव होता. मी विचारलं, "वरून म्हणजे कुठून? चंद्रावरून?" तू चिडलास. आणि मग म्हणालास, "तुझं काय जातंय, ताई? तू तर रिटायर्ड आहेस."

काय जातंय ते सांगते.

तीस वर्षं मी बंदराच्या फळ्यावर भरतीची वेळ लिहिली. खडूने, मोठ्या अक्षरात. होडीवाले तो फळा बघून घराबाहेर पडत. त्यांच्या बायका वर येऊन विचारत, "बाईंनी लिहिलंय ना?" आणि 'बाईंनी लिहिलंय' म्हटलं की संपलं, त्यापुढे कुणी विचारत नसे. माझं लग्न जमलं नाही, माझ्या जिभेमुळे जमलं नाही असं तूच सगळ्यांना सांगत आलास, आणि ते खरंही असेल. पोरंबाळं नाहीत. माझ्याकडे होतं ते एवढंच, की मी सांगितलेली वेळ खरी असते. ते तू घेतलंस आणि तुझ्या चुकीवर पांघरूण म्हणून घातलंस. निवृत्त झाले म्हणून माझ्याकडे घालवायला काही उरलं नाही, असं तुला वाटलं. उलट आहे रे. नोकरीत होते तेव्हा खुर्ची होती, पगार होता, नावाची पाटी होती. आता तेवढंच उरलंय.

आणि आत्या जाते. वयाने जाईल तेव्हा जाईल, पण माझ्यापासून ती बुधवारीच गेली. माझ्या पुढच्या खोलीत, माझ्या पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

मी काल तुला हे सांगितलं. मी तिला 'हो' म्हटलं, का म्हटलं, सगळं. मला वाटलं होतं तू आता म्हणशील, ताई, मी येतो. तू मग म्हणालास, "बरं केलंस. तिला आता कशाला त्रास द्यायचा? राहू दे तसंच."

राहू दे तसंच.

मी फोन ठेवला. आदळला. 'फोन आपटला गेला' नाही, मी आपटला.

आता नीट वाच. या पत्रात टोमणे नाहीत, म्हणजे इथून पुढे नाहीत.

येत्या रविवारी, २१ तारखेला, पुन्हा उधाण आहे. फाटलेल्या दांड्यातून पाणी गल्लीत येईल आणि आत्याच्या घरात पुन्हा खिडकीपर्यंत चढेल. ते आता मी थांबवू शकत नाही, तूही नाही. दुसऱ्या दिवशी सोमवारी सुनावणी आहे. मला समितीचं बोलावणं आलं आहे, तुझ्या निवेदनाच्या कृपेने. मी जाणार आहे.

त्याआधी मला तुझ्याकडून कागद हवा. कार्यालयाचा नाही, टाइप केलेला नाही, तुझ्या अक्षरातला. आत्याच्या नावाने. तिच्या चष्म्याला झेपेल एवढ्या मोठ्या अक्षरात. त्यात दोन वाक्यं: 'तोंड मी उघडलं. ताईने नको म्हटलं होतं.' 'मी' गाळू नकोस. तो नसेल तर कागद परत पाठवीन. त्याचीच प्रत तू समितीला द्यायची आहेस. पाहुण्यांचं काय करायचं ते तू आणि तुझे पाहुणे बघा.

कागद आला, तर तो मी आत्याच्या हातात देईन आणि खोलीबाहेर जाईन. ती रडेल. मग ती तुला माफ करेल, तुला माहीत आहे ती करेल, तुला ती मधाच्या बरणीपासून करत आली आहे. फक्त या वेळी तिला माफ करायला निदान कुणीतरी मिळू दे. आत्तापर्यंत तू तिला ती संधीच दिली नाहीस.

कागद आला नाही, तर सोमवारी मी एकटी जाणार नाही. शिंपीणबाई आणि दूधवाला तयार आहेत. त्याच खुर्चीत बसवून आत्याला आम्ही समितीच्या खोलीत नेऊ, पहिल्या रांगेत ठेवू, आणि तिच्यासमोर मी शनिवारचा फोन शब्दाला शब्द सांगेन. पाहुण्यांच्या एकच्या गाडीसकट. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचा तुझ्यावरचा विश्वास तिथे, लोकांसमोर, फुटेल. नाही. चुकलं. मी फोडीन. आणि मी फोडला असंच शेवटपर्यंत म्हणेन, फुटला म्हणणार नाही. दोघांपैकी एकाने तरी आपलं क्रियापद उचलायला हवं.

मला ते करायचं नाही. म्हणून तर हे चौथं पत्र आहे.

तोंड उघडायची योग्य वेळ भरती सरल्यावर असते, हे मी तुला एकदा सांगितलं होतं आणि तू ऐकलं नाहीस. या वेळी वेळ तुझ्यासाठी सांगते. रविवारी पाणी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी फिरेल. तोपर्यंत तुझं उत्तर माझ्या दारात पोचलं पाहिजे. लेखी. टपालाने नको, कुणाच्या तरी हाती पाठव, फक्त कारकुनाच्या नको. एक पाचनंतर आलेला कागद मी उघडणार नाही, त्यानंतर मी माझं तोंड उघडीन.

आशीर्वाद अजून माझ्यापाशीच आहेत. उत्तरासोबत रिकामा लिफाफा पाठवलास तर त्यात घालून देईन.

ताई